केशरबाईची टेप आणि श्रियाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात असते ना, तीच. माझा रंग पिवळा होता, आता मळकट झाला आहे. माझ्या शेवटच्या टोकाला साठ हा आकडा छापलेला आहे, पण मी साठ इंच नाही. मी अठ्ठावन्न इंच आहे. सुरुवातीचे दोन इंच माझ्याकडे नाहीत. हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. कारण ज्या दिवशी हे सांगायला हवं होतं त्या दिवशी मला बोलता आलं नाही, आणि एका लहान मुलीची हनुवटी फुटली.

मला केशरने विकत घेतलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ मावशीकडे राहून ती शिवणाच्या क्लासला जायची. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, मशीन घरी नसलं तरी चालेल, टेप मात्र स्वतःची पाहिजे. दुकानदाराने तिच्यापुढे पाच-सहा टेपा टाकल्या. तिने मला उचललं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं आणि दुकानातल्या लाकडी पट्टीला लावून बघितलं.

"ही ताणत नाही," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे तिचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर डोंबिवलीला मानपाड्याला आले. तिचे यजमान देवराम तिथल्याच एका कंपनीत फिटर होते. घरात एक जुनं शिलाई मशीन आलं. आसपासच्या बायका ब्लाउज शिवायला येऊ लागल्या, शाळा सुरू व्हायच्या आधी मुलींच्या युनिफॉर्मचे ढीग लागू लागले. बायका तिला केशरबाई म्हणायच्या. मी मनात केशरच म्हणते. नवरात्राच्या आधी पंधरा दिवस तर मला गळ्यातून खाली ठेवायला तिला वेळ नसायचा. जेवतानाही मी गळ्यातच. माझ्या टोकाला एकदा आमटी लागलेली मला आठवते.

केशरची एक पद्धत होती. मुलांचे कपडे ती दोन इंच वाढीव शिवायची आणि वाढीव कापड आत दुमडून ठेवायची. मूल वाढलं की दुमड सोडायची, कपडा आणखी एक वर्ष चालायचा. पण कुणी म्हणालं, चपलाही वाढीव घेते, तर ती थांबवायची. "फ्रॉक वाढीव चालतो गं. चपला वाढीव घेतल्यास तर पोरगी पडेल."

आता माझे दोन इंच कसे गेले ते सांगते.

केशरचा मुलगा संदेश तेव्हा पाच वर्षांचा होता. एका दुपारी केशर दारात एका बाईशी बोलत होती, मी मशीनवर पडले होते आणि शेजारी मोठी कात्री होती. संदेशने कात्री दोन्ही हातांत धरली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

केशर आत आली. माझा तुकडा फरशीवर पडला होता.

"का कापलीस रे?"

"कात्री कापते का बघत होतो."

"मग?"

"कापते."

केशरला हसू आलं. मग तिने घड्याळाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. देवरामांची पहिली पाळी सुटायची वेळ झाली होती. देवराम मनाने वाईट नव्हते, पण तेव्हा फार तापट होते. घरातली वस्तू मोडलेली त्यांना खपायची नाही, आणि हात लगेच उठायचा. केशरने तुकडा कचऱ्यात टाकला, सुईत निळा दोरा ओवला आणि माझं कापलेलं टोक दुमडून बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. असं शिवलं की मी जन्मापासून तशीच असावी.

"पप्पांना सांगायचं नाही," ती संदेशला म्हणाली. "आणि कात्रीला परत हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून मी दोनपासून सुरू होते. केशर माप घ्यायची आणि मनातल्या मनात दोन वजा करून वहीत लिहायची. तिला नवी टेप घेता आली असती. शेजारणी म्हणायच्याही. पण नव्या टेपा चार महिन्यांत ताणतात, हिच्यात दोनच इंचांची खोट आहे आणि ती मला माहीत आहे, असं तिचं म्हणणं होतं. पुढे माझे पहिले पाच-सहा आकडे तिच्या बोटांनी घासून पुसले गेले. मग तर माझी खोट बघूनही कुणाला कळली नसती. ती फक्त केशरला माहीत होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं नीट कळेल. संदेश सात वर्षांचा झाला तेव्हा देवरामांनी त्याच्यासाठी सायकल आणली. मोठ्या माणसाची. वाढीव घेतली की कॉलेजपर्यंत चालेल, असा त्यांचा हिशोब. संदेशचे पाय जमिनीला लागत नव्हते. देवरामांनी मागून धरलं, दोन फेऱ्या मारल्या आणि सोडून दिलं. संदेश गटाराच्या कठड्यावर पडला. गुडघ्याला पाच टाके पडले. त्यानंतर तो सायकलवर कधी बसला नाही. आजही त्याला सायकल येत नाही. ती सायकल देवराम स्वतःच कंपनीत नेऊ लागले. ते सगळं केशरच्या मनात राहिलं.

वर्षं गेली. संदेश शिकला, नोकरीला लागला, सोनलशी त्याचं लग्न झालं आणि दोघं घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत राहायला गेले. त्यांना श्रिया झाली. देवराम निवृत्त झाले. केशरचं शिवण कमी झालं, पण श्रियाचे फ्रॉक तीच शिवायची. श्रिया चार वर्षांची असताना तिने आजीला विचारलं, "आजी, तू मला सायकल पण शिवशील?"

"सायकल शिवत नाहीत गं. पण तुझ्या मापाची मी निवडीन," केशर म्हणाली.

ते तिला जमलं नाही. गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि गणपतीच्या आधी गेली. हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ नव्हते, मी मशीनच्या खणात होते. पण देवरामांनी नंतर एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना सांगितलं ते मी खणातून ऐकलं. शेवटच्या दोन दिवसांत केशर म्हणाली होती, "पोरीला सायकल घ्या. मापात घ्या, वाढीव घेऊ नका. मूल एकदा घाबरलं की परत बसत नाही."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

त्यानंतर तीन-चार महिने माझा खण कुणी उघडला नाही. मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूचे दिवस फार लांब असतात. खणात मी होते, खडू होता, काही बॉबिन होत्या आणि केशरचा चष्मा होता. बाहेर देवराम एकटेच असायचे. त्यांचा आवाज फक्त फोनवर यायचा. "हो, जेवलो," एवढंच ते रोज सांगायचे. त्यांच्या पायांच्या आवाजावरून मला वाटायचं की ते हलके झाले आहेत.

डिसेंबरात एके सकाळी खण उघडला. देवरामांनी मला बाहेर काढलं, बोटाला गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. ते कुठे निघाले ते मला लगेच कळलं. श्रियाचा पाचवा वाढदिवस जवळ आला होता.

घोडबंदरच्या घरात त्यांनी श्रियाला भिंतीला पाठ लावून उभं केलं. दोन पायांच्या मध्ये तिचंच गोष्टीचं पुस्तक आडवं धरायला सांगितलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मला लावलं.

"आजोबा, हे कशाचं माप?"

"आहे एक काम."

"सलवारीचं?"

"असंच समज."

माझं निळ्या दोऱ्याचं टोक फरशीला टेकलं होतं. वरती खूण वीसवर आली. देवरामांनी कागदावर वीस लिहिलं.

मी ओरडत होते. दोन वजा करा, दोन वजा करा. पण टेपेला तोंड नसतं.

श्रिया खेळायला गेल्यावर मोठ्यांची चर्चा झाली. सोनल म्हणाली, "बाबा, वीस इंची चाकाची, मोठीच घेऊ या ना. चौथीपर्यंत चालेल. मुलं काय, भराभर वाढतात."

संदेश पँटवरून गुडघा चोळत होता.

"मापातच घ्यायची," देवराम म्हणाले. "तिच्या आजीने सांगितलंय. यात कुणी बोलायचं नाही."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की सोनलने विषय सोडला. चार महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी करायचं होतं, आणि ते बरोबरच करायचं होतं.

कल्याण स्टेशनजवळच्या गल्लीत पोपट नावाच्या माणसाचं सायकलचं दुकान आहे. देवराम तिथे गेले. पोपटने विचारलं, "पोरगी कुठेय?"

"पोरगी कशाला? माप आणलंय."

"काका, माप ठीक आहे. पण मी बसवून देतो. दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत, बोटं ब्रेकला पोचली पाहिजेत. ते कागदावर नाही दिसत."

"वाढदिवसाला द्यायची आहे, आधी कळायला नको. आणि मी तीस वर्षं फिटर होतो. मला माप सांगू नको."

"नाही सांगत," पोपट म्हणाला. त्याने सोळाच्या चाकाची एक गुलाबी सायकल पुढे ओढली आणि स्टीलच्या टेपेने तिच्या सीटची उंची मोजली. सीट अगदी खाली घेतल्यावर जमिनीपासून बरोबर वीस इंच. "तुमच्या कागदाप्रमाणे ही बसते. बाजूची चाकं लावू?"

"नको. त्यांनी तोल येत नाही."

देवरामांनी चाक फिरवून बघितलं, एकेक तार बोटाने वाजवून बघितली, ब्रेक दाबून बघितले. सगळं बघितलं. फक्त मला बघितलं नाही. कंपनीत नवीन मुलगा आला की ते त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. मापाचं कुठलंही साधन हातात घेतलंस की आधी त्याचा झिरो बघ. पण मी केशरची होते. केशरच्या वस्तूचा झिरो तपासावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये सगळे जमले. सायकल बघून श्रिया इतकी खूश झाली की तिने आधी घंटीच दहा वेळा वाजवली. मग देवरामांनी तिला उचलून सीटवर बसवलं. तिचे फक्त अंगठे जमिनीला लागत होते.

"आजोबा, पाय पुरत नाहीत."

"पुरतात. मी माप घेतलंय."

"पण नाही पुरत."

"श्रिया, पुरतात म्हणून सांगितलं ना. समोर बघ."

तिने समोर बघितलं. देवराम सीट धरून चालू लागले. तुम्हाला सांगायचं राहिलं, चार महिन्यांत देवराम बारीक झाले होते. त्यांची पँट घसरत होती आणि ती ते डाव्या हाताने धरून ठेवत. पँट आवळून घ्यायला त्यांनी कुणाला दिली नव्हती. त्यांचे कपडे नेहमी केशरच शिवायची. एका हाताने सायकल, एका हाताने पँट, असे ते चालत होते. सायकल एका बाजूला कलली. श्रियाने पाय टेकायला बघितला, तो टेकला नाही. दोन्ही हात मोकळे असते तर देवरामांनी तिला धरलं असतं. ते एक पाऊल उशिरा पोचले.

ती खांबावर आपटली. हनुवटीतून रक्त आलं. सोनलने तिला उचललं. श्रिया रडत रडत म्हणाली, "मला नको सायकल. आजीने घेतली असती तर बरोबर झाली असती."

देवराम तिथेच उभे राहिले. संदेश त्यांच्याकडे बघत होता. ते दोघं तेव्हा एकाच गोष्टीचा विचार करत होते, हे मला खिशात असूनही कळलं.

त्या दिवशी केक कापला गेला, पण सायकलचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम मशीनसमोर येऊन बसले. "आधी ही पँट," ते स्वतःशीच म्हणाले. "हिच्यामुळे हात अडकला." त्यांनी केशरची मापांची वही काढली. पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर नाव आणि माप होतं. शेवटी एका पानावर नावाच्या जागी नुसतं 'हे' लिहिलं होतं. हे म्हणजे देवराम. केशरने त्यांचं नाव वहीतही घेतलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, कंबर छत्तीस.

त्या पानावर देवरामांनी बोट ठेवलं. मग त्यांनी मला कमरेभोवती गुंडाळलं आणि चष्मा वर करून आकडा वाचला. छत्तीस.

"असं कसं?" ते मोठ्याने म्हणाले. "मूठ जाईल एवढी पँट सैल आणि कंबर तेवढीच?"

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा छत्तीस. तेव्हा त्यांच्यातला फिटर जागा झाला. ते उठले, पलंगाखालून हत्यारांची पिशवी ओढली, आपली स्टीलची पट्टी काढली आणि मला तिच्याशेजारी सरळ ठेवलं. पट्टीचं शून्य आणि माझं टोक जुळवलं. पट्टीवर दहा होतं तिथे माझ्यावर बारा होतं.

त्यांनी माझं टोक डोळ्यांजवळ नेलं. निळा दोरा बघितला, बारीक टाके बघितले. ते टाके कुणाचे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"झिरो बघितला नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी संदेशला फोन लावला.

"तुझ्या आईची टेप कुणी कापली?"

"मी कापलेली, पप्पा. मी पाच वर्षांचा असेन. तुम्हाला आत्ता कसं कळलं?"

"मला सांगितलं का नाही?"

"आई म्हणालेली, सांगू नको."

"का?"

"तुम्ही मारलं असतं."

देवरामांनी मला हातात घट्ट धरलं होतं. "मारलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "काल श्रिया सांगत होती पाय पुरत नाहीत. मी तिला गप्प केलं."

"हो, पप्पा."

"मी येतोय."

श्रिया हनुवटीला पट्टी लावून चित्र काढत बसली होती. आजोबांना बघून ती आत जायला निघाली.

"सायकल नाही आणली," देवराम म्हणाले. "हे दाखवायला आलोय. ही आजीची टेप. हिचं टोक बघ."

श्रियाने लांबूनच बघितलं. मग जवळ आली. "निळा दोरा आहे."

"आजीने शिवलंय. इथले दोन इंच कुणीतरी कापलेत. ते मला माहीत नव्हतं, म्हणून माझं माप चुकलं. तू म्हणालीस पाय पुरत नाहीत, ते खरं होतं."

"मग तुम्ही पुरतात का म्हणालात?"

"चुकलो."

श्रियाने या शब्दाचा विचार केला. मोठ्या माणसांकडून तो तिने फारसा ऐकला नसावा. मग तिने विचारलं, "कुणी कापली?"

देवरामांनी संदेशकडे बघितलं.

"पप्पांनी?" श्रियाचे डोळे मोठे झाले. "मग आजोबा, तुम्ही त्यांना ओरडलात?"

"मला कळलंच नाही तेव्हा."

"आता ओरडा."

"आता तो मोठा झाला."

"मी लहान आहे, तर मला ओरडलात," श्रिया म्हणाली.

सोनलने तोंडावर हात ठेवला. देवरामांनी मला श्रियाच्या हातात दिलं. "आता तू माप घे. मी पुस्तक धरतो." तिने माझं टोक जमिनीवर दाबून धरलं, देवरामांनी वर मोजलं. वीस. श्रियाने बोटं दुमडून मोजलं. "विसातून दोन गेले, अठरा."

"आजी पण असंच करत असणार," देवराम म्हणाले.

देवरामांनी तिला सायकल बदलायला दुकानात यायला सांगितलं. श्रिया म्हणाली, मी येते, पण नुसती बसून बघणार, चालवणार नाही. देवराम म्हणाले, चालेल.

त्या रविवारी सगळे कल्याणला गेले. गुलाबी सायकल रिक्षातून परत नेली होती. पोपटने तिच्या मडगार्डवरचा ओरखडा बघितला.

"काका, मी म्हणालेलो ना, पोरीला आणा."

"म्हणालेलास. मी ऐकलं नाही. आता आणलीय."

पोपटने जास्त ताणून धरलं नाही. त्याने चौदाच्या चाकाच्या तीन सायकली काढल्या. पहिलीवर श्रियाचे पाय टेकले, पण ब्रेकला बोटं पोचेनात. दुसरी इतकी जड होती की तिला ती उभीही करता येईना. तिसरी मागच्या वर्षीची होती, निळी, धूळ बसलेली. श्रिया बसली. दोन्ही पाय सपाट टेकले. तिने ब्रेक दाबला, चाक थांबलं. ती उतरली आणि स्वतःच सायकल ढकलत दुकानाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

"निळी आहे हां," पोपट म्हणाला. "मुलींना गुलाबी लागते."

"हिला जमीन लागते," देवराम म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पाना काढला आणि सायकलची दोन्ही पेडलं काढून टाकली. डावं पेडल उलटं फिरवून निघतं, हे त्यांनी श्रियाला दाखवलं. तिने ते स्वतः फिरवून बघितलं. "आता ही चालवायची नाही," देवराम म्हणाले. "हिच्यावर बसायचं आणि पायांनी चालायचं. पेडल कधी लावायचं ते तू सांगायचं. मी विचारणार नाही."

आणि त्यांनी खरंच विचारलं नाही. रोज दुपारी ते मानपाड्याहून घोडबंदरला यायचे. ट्रॅफिकमध्ये दीड-दीड तास जायचा, पण एक दिवस चुकवला नाही. पेडलं एका खिशात, मी दुसऱ्या खिशात. श्रिया आधी नुसती चालली. मग मोठी पावलं टाकू लागली. मग दोन पावलं टाकून पाय थोडेसे उचलू लागली. देवराम शेजारून चालायचे, सायकलला हात लावायचे नाहीत.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदनानंतर मुलांची सायकल फेरी होती. सगळ्यांच्या सायकलींना तिरंगी कागद लावले होते. श्रिया पेडल नसलेली निळी सायकल घेऊन रांगेत उभी राहिली. देवरामांना वाटलं, ती घाबरेल किंवा लाजेल. तिसऱ्या मजल्यावरचा अपूर्व मोठ्याने म्हणाला, "ए, तुझ्या सायकलचं पेडल कुठेय?"

"आजोबांच्या खिशात," श्रिया म्हणाली.

सगळी मुलं देवरामांकडे बघू लागली. पेडलांच्या वजनाने पँट आणखीच घसरत होती. त्यांनी ती डाव्या हाताने धरली आणि उजव्या हाताने खिशातलं एक पेडल काढून दाखवलं. मुलं हसली. श्रियाही हसली. फेरी सुरू झाली. श्रिया सगळ्यात मागे होती, दोन्ही पायांनी जमीन ढकलत. गेटच्या बाजूला थोडा उतार आहे. तिथे तिने पाय उचलले. एक, दोन, तीन, चार... मी खिशात होते, पण देवराम मोठ्याने मोजत होते म्हणून मला कळलं. ते अकरापर्यंत मोजत गेले. मग तिने दोन्ही पाय टेकले आणि सायकल थांबवली. पडली नाही.

ती वळून आजोबांकडे आली. हनुवटीवरची खूण अजून लाल होती.

"आजोबा, लावा."

देवराम खाली बसले आणि पेडलं लावली. उजवं सरळ, डावं उलटं. संदेश शेजारी येऊन उभा होता. सायकल तयार झाल्यावर श्रियाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पण तुमच्या मापाची घेऊ. आधी बसून बघा."

त्या संध्याकाळी देवराम मानपाड्याला आले आणि हात-पाय धुऊन मशीनसमोर बसले. त्यांनी मला पुन्हा कमरेभोवती गुंडाळलं. छत्तीस. त्यातून दोन वजा करून केशरच्या वहीत, 'हे' लिहिलेल्या पानावर, छत्तीसच्या खाली चौतीस लिहिलं. मग पँट उलटी करून खडूने खूण केली आणि मशीनची सुई खाली घेतली. शिलाई वाकडी आली. त्यांनी ती उसवली आणि परत घातली. दुसऱ्यांदाही थोडी वाकडीच आली, पण पँट कमरेवर राहते.

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. माझं कापड विरत चाललं आहे. पण श्रिया दर महिन्याला भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि मला बोलावणं येतं. काल एकोणीस भरले, म्हणजे एकवीस दिसले. तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. ते टाकू नका, पण डोळे मिटून त्यावर भरवसाही ठेवू नका. त्याची खोट कुठे आहे ते घरातल्या माणसांना विचारून ठेवा, ती माणसं आहेत तोवरच विचारून ठेवा. आणि तुमच्यासाठी कुणी सायकल आणली तर आधी बसून बघा. पाय पुरत नसतील तर सांगा. एकदा ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

मला मात्र कुणी उसवू नका. निळा दोरा तसाच राहू द्या. माझा झिरो दोनावर आहे. एवढं लक्षात ठेवलंत, तर मी अजूनही कुणाचंही माप बरोबर देईन.